लहान मुलांचा ल्युकेमिया आणि केमोचे क्वचित होणारे त्रास : आपापले अनुभव इथे लिहा

रानवारा
हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. ल्युकेमियावरचे (रक्ताच्या कॅन्सरवरचे) जुने धागे आहेत इथे, पण त्यात सगळं केस गळणं, उलट्या, तोंड येणं, काउंट (रक्तपेशींची संख्या) पडणं यावरच आहे, आणि ते ठीकच आहे कारण ते जवळपास प्रत्येक मुलाला होतं आणि वॉर्डातल्या सिस्टरपासून शेजारच्या बेडवरच्या मावशींपर्यंत सगळे सांगतातच. मला हवंय ते दुसरं. जे शंभरातल्या दोन-चार मुलांना होतं, ज्याचं नाव संमतीच्या फॉर्मवर कुठेतरी असतं पण सही करताना डोक्यात शिरत नाही.

आमचा मुलगा ११ वर्षांचा, बी-सेल एएलएल (ल्युकेमियाचाच एक प्रकार), उपचार मुंबईत, घर लातूर जिल्ह्यात. इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) व्यवस्थित पार पडलं, पुढच्या टप्प्यात पाठीतलं इंजेक्शन घेऊन गावी आलो होतो. आठवडा-दीड आठवडा काही नाही. मग एके दिवशी सकाळी त्याच्या उजव्या हातातून कप सुटला आणि थोड्या वेळानं बोलणंच बंद. म्हणजे आपण बोललेलं त्याला कळत होतं, मान हलवत होता, पण शब्द निघेना, रडायला लागला. दोनेक तासांनी जरा सुधारला, आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल, तर संध्याकाळी परत तेच आणि या वेळी डावी बाजू. गावातल्या दवाखान्यात लकवा म्हणाले, लातूरला सीटी काढला तो नॉर्मल आला. मुंबईला युनिटच्या नंबरवर फोन लावला तर तिथल्या रेसिडेंट मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, पाठीतून मेथोट्रेक्सेट कधी दिलं होतं? तारीख सांगितली. म्हणाल्या, निघा, एमआरआय लागेल, पण घाबरून जाऊ नका, हे आम्ही बघितलेलं आहे.

मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचाच तो परिणाम निघाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरगा बेडवर बसून माझ्याशी मोबाइलसाठी भांडत होता. आता मेंटेनन्स (शेवटचा, घरी गोळ्या घ्यायचा टप्पा) चालू आहे, बोलणं-चालणं-शाळा सगळं पूर्ववत.

तर विनंती अशी की ज्यांच्या मुलांना असं काही वेगळं झालं त्यांनी लिहा. औषध कुठलं, दिल्यानंतर साधारण किती दिवसांनी आणि सगळ्यात आधी काय दिसलं. हॉस्पिटलची, डॉक्टरांची नावं नकोत, त्यावरून धागा भरकटतो.

मीनल_के
रानवारा, वाचून काटा आला अंगावर. माझ्या भाचीचं (वय ५) इंडक्शन चालू आहे सध्या, ताई आणि भावोजी परळला राहतायत. एक विचारू का, हे असले धागे वाचून ताई आणखी घाबरणार नाही का? ती आधीच रात्रीची झोपत नाही, दर अर्ध्या तासानं पोरीच्या कपाळाला हात लावून बघते.

रानवारा
मीनलताई, रास्त आहे तुमचं. त्यांना आत्ता वाचायला देऊ नका, तुम्ही वाचा आणि लक्षात ठेवा. आमच्या घरी पण हे काम माझ्या मेव्हण्यानं केलं, आम्हा दोघांची तेव्हा वाचायची ताकदच नव्हती. आणि एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, हा आजार बरा होणाऱ्यातला आहे. श्रीमंत देशांत आता ५ वर्षांनी जिवंत असणाऱ्या मुलांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे ते कमी पडतं त्यात औषध लागू न पडण्याइतकाच हात इन्फेक्शनचा, अर्धवट सोडलेल्या उपचारांचा आणि उशिरा पोचण्याचा आहे.

बालवैद्य
मी जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे, कॅन्सरचा स्पेशालिस्ट नाही, पण मोठ्या सेंटरवरून घरी आलेली अशी मुलं मधल्या काळात आमच्याकडेच येतात म्हणून लिहितो. इथे कुणाचं निदान करणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

रानवारा यांच्या मुलाला झालं त्याला मेथोट्रेक्सेटचा स्ट्रोकसारखा झटका म्हणतात. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १ ते ४ टक्के मुलांत आढळतो, १० वर्षांपुढच्या मुलांत जास्त. पाठीतून मेथोट्रेक्सेट दिल्यावर २ दिवस ते २ आठवडे या काळात येतो. कधी ही बाजू कधी ती बाजू, मधेच बरं मधेच परत, हे त्याचं वैशिष्ट्य. खऱ्या पक्षाघातासारखी रक्तवाहिनी बंद पडलेली नसते, एमआरआयच्या एका खास सिक्वेन्समध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसतो, साध्या सीटीत बहुतेकदा काहीच दिसत नाही. बहुतेक मुलं काही दिवसांत पूर्ण बरी होतात. गंमत म्हणजे यात काही ठिकाणी डेक्स्ट्रोमेथॉर्फन देतात, जे आपल्या साध्या कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये असतं. मेथोट्रेक्सेटमुळे मेंदूत जे पदार्थ साठून पेशींना उत्तेजित करतात, त्यांचा रस्ता ते अडवतं असा त्यामागचा विचार आहे. पुरावा छोट्या अभ्यासांचाच आहे, त्यामुळे घरी खोकल्याचं औषध पाजत बसू नका.

पण याच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्यांचे उपचार एकदम वेगळे आहेत. एक म्हणजे बीपी वाढून मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. ही बहुतेक पहिल्या महिन्यात, स्टिरॉइड आणि व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असताना. डोकं दुखतं, मूल गुंगीत जातं, झटके येतात, कधी कधी चक्क दिसेनासं होतं. बीपी आणि झटके आटोक्यात आणले की बहुतेक वेळा दृष्टी परत येते. पाच वर्षांच्या मुलाचा बीपी मोजायची सवय आपल्याकडे नाही आणि लहान कफ पण दवाखान्यात नसतो, मोठ्याचा कफ लावला तर आकडा चुकीचा येतो. दुसरी गोष्ट अॅस्परॅजिनेजमुळे मेंदूतल्या शिरांमध्ये होणारी रक्ताची गुठळी. हे औषध रक्तातलं अॅस्परॅजिन संपवतं, ल्युकेमियाच्या पेशींना ते स्वतःला नीट बनवता येत नाही म्हणून त्या मरतात, पण त्याच झपाट्यात लिव्हर जी प्रथिनं बनवतं तीही कमी होतात. त्यात रक्त गोठवणारी असतात तशी गोठणं थांबवणारीही असतात आणि तो तोल बिघडतो. शरीरात कुठेही होणाऱ्या गुठळ्या धरल्या तर प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटका, अशी सुरुवात. यासाठी शिरांचा वेगळा स्कॅन मागावा लागतो.

म्हणून 'केमो चालू आहे' एवढं सांगून आमच्यासारख्याला काही कळत नाही हो. कुठलं औषध, कुठल्या तारखेला, हे कागदावर आणा.

खडीसाखर
अॅस्परॅजिनेजचं नाव निघालंच आहे तर आमचं सांगते. मुलगा तेव्हा ७ वर्षांचा. इंजेक्शननंतर आठवडाभरात पोट दुखायला लागलं, बेंबीच्या वर, आणि पाठीकडे हात नेऊन दाखवायचा इथे पण दुखतंय म्हणून. वाकून बसला की बरं वाटायचं. उलट्या होत्याच पण त्या काय केमोत असतातच. सासूबाई म्हणाल्या गॅस धरलाय, ओवा द्या, जवळच्या दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. मला काही ते पटेना कारण हा पोरगा सुई टोचताना पण रडत नाही आणि इथे कण्हत होता. रात्रीच रिक्षा करून मोठ्या हॉस्पिटलला नेलं, रक्तातलं लायपेज तपासलं ते नॉर्मलच्या कितीतरी पट. स्वादुपिंडाला सूज, पॅन्क्रियाटायटिस. तोंडानं सगळं बंद, सलाइन, वेदनेसाठी इंजेक्शनं, साखर वाढली म्हणून काही दिवस इन्सुलिन पण लागलं. नंतर सोनोग्राफीत स्वादुपिंडापाशी पाण्याची पिशवी झालेली दिसली, ती आपोआप जिरली पण त्याला बरेच महिने गेले.

सगळ्यात मोठा प्रश्न नंतर आला, हे औषध पुढे द्यायचं का नाही. डॉक्टरांनी बंद केलं. मी रडले होते त्यांच्यापुढे, म्हटलं एक औषध कमी म्हणजे आजार परत येणार का. त्यांनी शांतपणे समजावलं की त्रास सौम्य असता तर परत दिलं असतं, पण तुमच्या मुलाला परत झालं तर आजारापेक्षा तेच जिवावर बेतेल. आता उपचार संपून दोन वर्षं होत आली. तेलकट मात्र अजून जपूनच देते.

झेलम७
खडीसाखर, सेम पिंच म्हणवत नाही पण आमच्याकडेही अॅस्परॅजिनेजच, फक्त अॅलर्जी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. दुसऱ्या डोसला काही मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजले, खोकला सुरू झाला. सिस्टर शेजारीच बसून होती, लगेच अॅड्रेनलिन दिलं. मग त्यांनी दुसऱ्या जिवाणूपासून बनवलेलं अॅस्परॅजिनेज चालू केलं, अर्विनिया म्हणतात त्याला, नेहमीचं असतं ते ई-कोलायपासूनचं. तेव्हा एक नवीनच कळलं, काही मुलांना वरून काहीच अॅलर्जी दिसत नाही पण शरीरात अँटिबॉडी तयार होऊन औषध निकामी होतं, म्हणून रक्तातली औषधाची पातळी तपासतात. भारतात हे कितपत होतं?

आणि इथे मुलाबरोबर कायम एक छोटं कार्ड असतं, केमो चालू आहे, ताप आला तर काय करायचं, कुठे फोन करायचा. कुठल्याही इमर्जन्सीत ते दाखवलं की रांगेत थांबावं लागत नाही.

बालवैद्य
पातळी तपासायची सोय आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे. अर्विनिया महाग आणि मिळायला कठीण. कार्डाची कल्पना फार चांगली, फाइल जाडजूड असते आणि घाईत नेमकं पान सापडत नाही.

निसर्गमित्र
सगळं वाचून वाईट वाटलं. एवढी विषारी रसायनं लहान जीवांना देण्यापेक्षा सोबत गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर दिले तर काउंट आपोआप सुधारतात. आमच्या ओळखीत दोन जणांना फरक पडला आहे. डॉक्टर लोक हे कधीच सांगणार नाहीत.

औषधवाला
निसर्गमित्र, मी फार्मासिस्ट आहे, राग मानू नका पण हे इथे लिहिणं धोक्याचं आहे. गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे, कोविडच्या काळात लोक ढीगभर काढे पीत होते तेव्हाची. इथे ज्या मुलांना मेथोट्रेक्सेट आणि ६-एमपी (केमोची गोळी) चालू आहे त्यांचं लिव्हर आधीच ताणावर असतं. एन्झाइम वाढले की डॉक्टरांना केमो थांबवावी लागते, आणि कशामुळे वाढले ते कळत नाही कारण काढा दिलाय हे घरचे सांगत नाहीत.

आणि झाडपाल्याचा एवढाच अभिमान असेल तर आपल्या कुंपणावरची सदाफुली बघा. व्हिन्क्रिस्टीन तिच्यातूनच येतं. १९५० च्या दशकात कॅनडात ती मधुमेहावरचं घरगुती औषध म्हणून तपासत होते, साखर काही उतरली नाही, प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि तिथून या कुळातली औषधं सापडली. म्हणून कुणी सदाफुलीची पानं वाटून पाजू नका प्लीज, शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजलेलं औषध वेगळं.

धाग्याच्या विषयाला धरून एक महत्त्वाचं. व्हिन्क्रिस्टीन चालू असताना बुरशीवरच्या काही गोळ्या घेतल्या, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, तर लिव्हरमधून व्हिन्क्रिस्टीन बाहेर पडायला वेळ लागतो आणि नसांवरचा त्रास कितीतरी वाढतो. वॉर्डात हे डॉक्टर बघतातच. पण आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल इतकं सर्रास देतात की काउंटरवर चिठ्ठीशिवाय मागणारे रोज येतात. मुलाला चट्टा उठला, गल्लीतल्या डॉक्टरनं कॅप्सूल दिली, आणि केमोवाल्यांना कुणी सांगितलंच नाही, असं व्हायला किती वेळ लागतो? हाय-डोस मेथोट्रेक्सेटच्या वेळी आयब्युप्रोफेन, पॅन्टोप्रॅझोल यांचंही तसंच, मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडायला अडतं.

निसर्गमित्र
माझा हेतू चांगला होता. असो. काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच घ्यावं एवढं मान्य.

तात्या_करवीर
नातवाचं सांगतो. वय वर्षं ४. व्हिन्क्रिस्टीनचं दर आठवड्याला इंजेक्शन चालू होतं. पहिल्यांदा जबडा दुखतोय म्हणाला, जेवंना, आम्हाला वाटलं दाढ. मग पाच-सहा दिवस संडास नाही, पोट टम्म. ते औषध देऊन मोकळं झालं. मग बघतो तर चालताना पाय फटक फटक टाकतोय, पुढचा पंजा उचलतच नाही, चप्पल पायातनं निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले फूट ड्रॉप, नसांवर आलंय, औषधानं होतं, हळूहळू जाईल. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर पोराचा आवाज बसला. सर्दी म्हणावी तर सर्दी नाही. घोगरा, आणि पाणी पिताना ठसका, रात्री श्वास घेताना घर्र असा आवाज. सुनेनं हट्ट धरून परत दाखवलं. नाकातनं दुर्बीण घालून बघितलं तर आवाजाची एक पट्टी हलतच नव्हती! तीसुद्धा त्याच औषधानं म्हणे. ते औषध काही आठवडे थांबवलं, मग कमी डोसनं परत. आवाज दोन-अडीच महिन्यांनी सुटला, आता घर डोक्यावर घेतोय.

डॉक्टरांनी एक इचित्र प्रश्न विचारला होता, घरात कुणाचे पाय लहानपणापासून वाकडे, उंच कमानीचे, पिंढऱ्या बारीक असे आहेत का? आमच्यात नाहीत. पण ते का विचारलं?

बालवैद्य
तात्या, नसांचा एक आनुवंशिक आजार असतो, शार्को-मारी-टूथ नावाचा. तो घरात असेल आणि माहीत नसेल तर व्हिन्क्रिस्टीनच्या पहिल्या एक-दोन डोसांतच मुलाचे हातपाय एकदम लुळे पडू शकतात. पायाची ती ठेवण ही त्याची खूण. योग्य प्रश्न विचारला तुमच्या डॉक्टरांनी. आणि आवाज बसून श्वासाला घरघर येत असेल तर तासाभराचाही उशीर नको, दोन्ही पट्ट्या अडकल्या तर श्वासच कोंडतो.

सिस्टर_अक्का
मी वीस-बावीस वर्षं मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काढली, आता रिटायर्ड. तुमच्या धाग्यात भर घालते.

व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून. पाठीतून चुकून गेलं तर जवळपास प्रत्येक वेळी जीव जातो, जगभरात अशा घटना झाल्यात आणि २००७ मध्ये डब्ल्यूएचओनं सगळ्या देशांना इशारा देऊन सांगितलं की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत द्या, म्हणजे पाठीतल्या सुईला ते कुणी जोडणारच नाही. चांगल्या वॉर्डात पाठीतली औषधं आणि शिरेतली औषधं एका ट्रेमध्ये, शक्यतो एका वेळी एका खोलीत आणतच नाहीत. आईबापांनी विचारायला लाजू नये, हे कुठलं औषध, कुठून देणार. मला तरी कुणी विचारलं तर बरंच वाटायचं.

दुसरं, काउंट शून्याच्या जवळ असताना पोटात उजवीकडे खाली दुखणं, ताप, जुलाब. लोकांना अपेंडिक्स वाटतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येते, टिफ्लायटिस म्हणतात. तोंडानं बंद ठेवून अँटिबायोटिक देऊन बहुतेकांचं निभावतं, आतडं फुटलं तरच ऑपरेशन. अशा मुलाला एनिमा द्यायचा नाही, गुदद्वारातून थर्मामीटर नाही, सपोझिटरी नाही. संडास होत नाही म्हणून गावाकडे पहिलं तेच करतात.

तिसरं, ताप. १०० च्या पुढे काटा गेला की आधी फोन, मग बाकी सगळं. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून तासाभरात जायला हवा असा नियम आहे. फोन न करता पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, ताप झाकला जातो. आणि स्टिरॉइड चालू असताना इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कधी कधी! मूल नुसतं मलूल, हातपाय गार, लघवी कमी, तेवढ्यावर उचलून न्या.

मीनल_के
अक्का, तुमची पोस्ट प्रिंट काढून पाठवली ताईला. ती म्हणाली हे घाबरवणारं नाही वाटत, कोणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. एक विचारायचं होतं, भाचीला पहिल्या आठवड्यात किडनीसाठी कसलंसं महागडं इंजेक्शन देणार होते, पण आधी एका टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबले. ते काय होतं?

बालवैद्य
बहुतेक रासब्युरिकेज. उपचार सुरू केले की एका वेळी प्रचंड पेशी मरतात, त्यांच्यातलं युरिक अॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात येतं आणि किडनी बंद पडू शकते. युरिक अॅसिड ते इंजेक्शन काही तासांत उतरवतं. पण ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या लाल पेशी त्यानं फुटतात, म्हणून ती टेस्ट आधी. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत ही कमतरता बऱ्यापैकी आढळते.

आसावरी_ठाणे
माझी मुलगी १४ ची. रिइंडक्शन (इंडक्शनसारखाच नंतरचा टप्पा) संपून काही महिने झाले होते, गुडघा दुखतो म्हणायला लागली. एक्स-रे काढला, गुडघा ठणठणीत. शाळेत परत जायला लागली होती, खो-खोच्या टीममध्ये होती आधी, सगळे म्हणाले सवय मोडलीय, स्नायू दुखत असतील, वाढीचं वय आहे. पण ती जिना चढताना कठड्याला धरून चढायची आणि मांडी घालून बसायचं टाळायची. शेवटी आमच्या ऑन्को डॉक्टरांनी गुडघा सोडून कंबरेचा एमआरआय काढला. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला, दोन्ही बाजूंना. स्टिरॉइडमुळे होतं, दहा वर्षांपुढच्या मुलांत जास्त होतं, आणि खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे तेव्हा समजलं.

एका बाजूला ऑपरेशन करून हाडाला भोकं पाडून दाब कमी केला, दुसरी बाजू नुसती नजरेखाली. कुबड्यांवर दहावी दिली तिनं, खालच्या मजल्यावर वर्ग द्या म्हणून शाळेत अर्ज द्यावा लागला, त्याचीही एक कहाणी आहे ती नको इथे. मोठ्या मुलांत रिइंडक्शनचं डेक्सा (स्टिरॉइड) सलग तीन आठवडे देण्यापेक्षा मधे एक आठवडा गॅप ठेवला तर हा त्रास कमी होतो हे अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय आणि आता बऱ्याच ठिकाणी तसंच देतात. ज्यांची मुलं दहाच्या पुढची आहेत त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारा. आणि लंगडणं, मांडी न घालता येणं, खाली बसून उठताना हात टेकणं, हे दिसलं की एक्स-रेवर समाधान मानू नका, सुरुवातीला त्यात दिसत नाही.

ओवीची_आई
मेंटेनन्समध्ये सगळं संपलं असं वाटतं ना? आमची ओवी चार वर्षांची, रात्री ६-एमपीची गोळी आणि आठवड्याला मेथोट्रेक्सेट. सकाळी उठवलं की घामानं भिजलेली, हाक मारली तरी डोळे उघडेना, एकदा तर हात थरथर कापत होते. सकाळचं दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात नाचायला लागायची, त्यामुळे सगळे म्हणत झोपाळू आहे. शेजारच्या आजोबांचं ग्लुकोमीटर आणून बघितलं तर साखर ४० च्या घरात! डॉक्टरांना दाखवलं, म्हणाल्या ६-एमपीमुळे काही लहान मुलांत उपाशीपोटी साखर उतरते. दिवसाचा डोस तोच ठेवून दोन भागांत विभागला आणि झोपताना खायला द्यायला लावलं, कच्चं कॉर्नफ्लोअर दुधातून. थांबलं ते.

औषधवाला
ओवीची_आई, हे भारी लिहिलंत, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

६-एमपीवरून आठवलं. काही मुलांचे काउंट नेहमीच्या डोसवर एकदम तळाला जातात, केस परत पूर्ण गळतात, तोंड येतं. याचं कारण जनुकांत असतं. पूर्वी फक्त टीपीएमटी हे जनुक तपासायचे कारण युरोपीय लोकांत तेच जास्त सापडतं. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एनयूडीटी-१५ हे दुसरं जनुक दाखवून दिलं, आणि पूर्व आशियात आणि आपल्याकडे हेच जास्त महत्त्वाचं आहे. दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या डोसचा छोटासा भागच पुरतो, आणि तेवढ्यावर उपचार पूर्ण होतात. टेस्ट रक्तावर होते, एकदाच करायची. केली नसेल तर मेंटेनन्सच्या आधी विचारा.

मीनल_के
टेस्टचा खर्च योजनेत बसतो का?

रानवारा
मुलांच्या ल्युकेमियाची केमो महात्मा फुले योजनेत आहे, पण असल्या टेस्ट बहुतेक बाहेरच पडतात. वॉर्डातल्या सोशल वर्करना भेटा, लाजायचं नाही. एमआरआयचे पैसे आमचे त्यांच्यामुळेच एका ट्रस्टकडून निघाले.

झेलमताईंच्या कार्डावरून मी एक केलंय ते सांगतो. फाइलच्या पहिल्या पानावर एकच कागद, प्लास्टिकमध्ये. वर मुलाचं नाव, वजन, आजार, कुठला टप्पा. खाली तक्ता, औषधाचं नाव, शिरेतून की पाठीतून की तोंडानं, तारीख. प्रत्येक डे-केअरनंतर तिथल्या तिथे भरायचा. त्याखाली शेवटचे काउंट आणि युनिटचा नंबर. गावातल्या डॉक्टरांना पण त्याचा फोटो पाठवून ठेवलाय. ते म्हणाले बरं झालं, नाहीतर मला तुमच्या पोराला हात लावायची भीतीच वाटते.

बालवैद्य
आमच्यासारख्यांच्या वतीनं धन्यवाद. त्यात 'आधी झालेले त्रास' असा रकाना पण टाका. तुमच्या मुलाच्या बाबतीत मेथोट्रेक्सेटचा झटका हे तिथे लिहिलेलं पाहिजेच. पुढे पाठीतली इंजेक्शनं कशी दिली?

रानवारा
टाकतो. लगेचच्या वेळी मेथोट्रेक्सेट वगळून दुसरं औषध दिलं आणि त्यानंतर परत मेथोट्रेक्सेटच चालू केलं. आमचा जीव टांगणीला होता पण परत काही झालं नाही. त्यांनी सांगितलं की बहुतेक मुलांना परत दिल्यावर तो त्रास होत नाही आणि मेंदूत आजार येऊ नये म्हणून ते औषध सोडणं जास्त धोक्याचं.

नवा_आयडी_विदर्भ
आज सगळा धागा वाचून काढला. आमचा मुलगा मेंटेनन्समध्ये आहे, घरी धाकटी दीड वर्षाची. रविवारी पोलिओचे डोस आहेत, आशाताई घरी येणार, तिला पाजायचे का? आणि वाड्यात एका पोराला कांजिण्या आल्यात.

बालवैद्य
कांजिण्यांचं आधी. मुलगा त्या पोराबरोबर खेळला असेल, एका खोलीत बसला असेल तर आजच्या आज युनिटला फोन करा, पुरळ उठायची वाट बघू नका. संपर्कानंतर पहिल्या ४ दिवसांत अँटिबॉडीचं इंजेक्शन देता आलं तर उत्तम, नाहीतर गोळ्यांचा पर्याय असतो, ते ठरवतील. धाकटीला तोंडावाटे पोलिओ नको, तो विषाणू जिवंत असतो आणि तिच्या शौचातून घरात पसरतो, तिला इंजेक्शनवाली लस द्या. आशाताईंना कारण सांगा, त्या तसं नोंदवून घेतील. तिच्या बाकीच्या लशी चालू ठेवा, एमएमआरसुद्धा.

नवा_आयडी_विदर्भ
काल दुपारी ओट्यावर एकत्र पत्ते खेळले होते दोघं. लावतो फोन.